तिसऱ्या कडव्याची गाठ

वेस्प्रेमचे लोक आपल्या गावाबद्दल सांगतात, की इथे एक तर वारा सुटलेला असतो, नाही तर कुठली तरी घंटा वाजत असते. तिसरी गोष्ट ते सांगत नाहीत, कारण ती त्यांना सांगण्यासारखी वाटतच नाही. इथे सगळे गातात. खाटीक मांस तोडता तोडता खालचा सूर धरतो, गिऱ्हाईक वरच्या सुरात साथ देतं, आणि सूर हलला तर वजनात मारल्यापेक्षा मोठं भांडण होतं. अशा गावातल्या मुलांच्या गायकवृंदाला त्या वसंतात नव्वद वर्षं होत होती. देशोदेशींची बोलावणी येणारा, एकेका घरातले आजोबा, बाप आणि नातू ज्यात गायलेत असा तो वृंद. गाव नुसतं फुलून आलं होतं. आणि त्या वृंदाला सत्तावीस वर्षं पियानोची साथ करणाऱ्या शारोल्टाची मात्र पाचावर धारण बसली होती.

का, ते कळायचं तर स्तोत्राची रीत माहीत हवी. वृंदाच्या संस्थापकांनी स्वतः रचलेलं एक पहाटेचं स्तोत्र आहे. गावातली प्रत्येक मैफल त्यानेच संपते. बाहेरगावी ते गायचं नाही असा दंडक आहे. पहिली ओळ एकच मुलगा एकटा गातो. दुसऱ्या ओळीवर बाकीचे साठ जण त्याला मिळतात. दोन कडवी कुठल्याही वाद्याशिवाय जातात, आणि तिसऱ्याच्या पहिल्या अक्षरावर पियानो दोन्ही हातांनी येऊन भिडतो. नुसते गळे पाच-सहा मिनिटं एकटे चालले की खाली घसरतात, भल्याभल्यांचे घसरतात. इथले घसरत नाहीत. गळे आणि पियानो बरोब्बर एका सुरावर भेटतात. गावकरी त्याला 'गाठ' म्हणतात. त्या क्षणाला म्हातारी माणसं श्वास धरून बसतात आणि गाठ बसली की सगळं सभागृह एकदम सैल होतं. घरी जाताना कार्यक्रम कसा झाला असं कोणी विचारत नाही. गाठ बसली ना, एवढंच विचारतात.

आणि सुरुवातीचा सूर द्यायचा तो मास्तरांनी. पियानोवरून नाही, नादकाट्यावरून नाही, नुसता गुणगुणून, डोक्यातून. नवा मास्तर रुजू होतो त्या दिवशी आपला नादकाटा तो वृंदाच्या शाळेच्या ओसरीवरच्या काचेच्या कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लागतं, आणि तिथून पुढे त्याचा कान हाच काटा. कपाटात असे चार काटे आहेत. चौथा आगोश्तोन होलोशी मास्तरांचा, एकोणतीस वर्षांपूर्वीचा. होलोशींचा कान तर असा, की पेल्यावर चमचा आपटला तरी ते म्हणायचे, "काळी तीन, जरा उतरलेली." पोरं मुद्दाम ताटल्या पाडायची. पोरांमध्ये ते गुस्तीकाका, समोर मास्तर.

आता ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचा कान सरकला होता.

हे जगात तीन माणसांना माहीत होतं, आणि त्या तिघांत मास्तर नव्हते.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आधीच्या तालमीत शारोल्टाला ते पहिल्यांदा कळलं. गाठ बसली, पण दाराला चौकट घासावी तशी बसली. केसभर. मास्तरांनी मान वळवून पियानोकडे पाहिलं. "शारी, पियानो चढलाय बघ. देझोला बोलाव."

देझो हा पियानो जुळवणारा, सत्तरीचा, एका डोळ्याने अधू आणि जिभेने धडधाकट. त्याने झाकण उघडलं, तारा तपासल्या, झाकण लावलं. "पियानो ठणठणीत आहे, बाई. आजारी दुसरंच कोणी तरी आहे."

शारोल्टा त्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. मामांचं दुखणं म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "असा जन्मजात कान असणाऱ्यांचं उतारवयात होतं हे. सगळं जरा वरचं ऐकू येतं. मग स्वतः सूर देताना ते जरा खालचा देतात आणि त्यांना तोच खरा वाटतो. वर्षागणिक वाढत जातं."

"आणि औषध?"

"मामांना गाणं सोडायला सांगा."

मामांना सांगता आलं असतं. होलोशी मास्तरांना कोण सांगणार? बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, लेक परदेशात, घरात दोन खोल्या आणि एक मांजर. सकाळी सातला शाळेचं दार तेच उघडायचे आणि संध्याकाळी तेच लावायचे. वृंदाच्या समितीच्या कानावर गेलं असतं तर महिन्याभरात हार घालून, भाषणं करून त्यांना घरी बसवलं असतं. शारोल्टाचा जीव त्यांच्यात गुंतला होता म्हणा, हवं तर. तिने स्वतःशीसुद्धा तो शब्द कधी वापरला नव्हता, आणि एकोणसाठाव्या वर्षी वापरून काय करणार होती?

म्हणून तिने एक काम केलं, आणि ते करताना तिला फार शहाणपणाचं वाटलं. तिने देझोला सांगितलं, पियानो उतरव. केसभर.

देझोने अधू डोळा मिटून चांगल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "तब्येत नवऱ्याची बिघडली म्हणून औषध शेजाऱ्याला पाजायचं म्हणता?"

"एवढ्या नाताळापुरतं. आलुबुखारांचा मुरंबा देते दोन बरण्या."

तीन बरण्यांवर ठरलं. नाताळात गाठ अशी बसली की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ईस्टरला आणखी केसभर. मग शरदात. दोन वर्षांत देझोने तो पियानो एवढा उतरवला की एकदा निघताना म्हणाला, "मास्तरांना देवाने उदंड आयुष्य दिलं, तर हा पियानो एक दिवस तळघरात सापडायचा." दौऱ्यावर मास्तर प्रत्येक गावचा पियानो ऐकून तोंड वाकडं करायचे. सगळ्या युरोपातले पियानो चढे झालेत, आपला एकच काय तो खरा राहिला, असं ते मुलांना अभिमानाने सांगायचे. शारोल्टा वह्या आवरत बसायची.

तिसरं माणूस म्हणजे झोम्बोर. साडेबारा वर्षांचा, काडीपैलवान, पुढे आलेल्या दोन दातांचा, आणि मास्तरांसारखाच जन्मजात कानाचा. दोन वर्षं स्तोत्राची पहिली ओळ तोच एकटा गात होता. पहिल्याच महिन्यात तो तालमीनंतर मागे रेंगाळला. "शारीमावशी, आपला पियानो खाली गेलाय. मला मळमळतं."

जन्मजात कान असला की उतरलेल्या पेटीवर गाणं म्हणजे उलट्या पायात जोडे घालून चालणं. शारोल्टाने त्याला खाऱ्या पावाची छोटी पोगाचा दिली, शेजारी बसवलं आणि खरं ते सांगितलं. पुढे म्हणाली, "मास्तरांना कळलं तर ते खचतील रे. आपल्या दोघांत ठेवशील?"

पोराने पोगाचा चावत विचार केला. "म्हणजे खोटं बोलायचं?"

"बोलायचं कुठे? गप्प राहायचं."

तो गप्प राहिला. दोन वर्षं उतरलेलं गायला, मळमळत गायला, आणि कोणाला बोलला नाही. लहान मुलाच्या पाठीवर आपण काय ठेवलं, हे तेव्हा शारोल्टाच्या मनातही आलं नाही. त्याच्या आवाजाचे आता फार तर सहा महिने उरले होते. त्याच्या थोरल्या भावाचा तेराव्यातच फुटला होता. हा हंगाम त्याचा शेवटचा, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यालाही.

असं सगळं झाकून चाललं असतं आणखी काही दिवस. पण नव्वदाव्या वर्षाच्या मैफलीला एवढी मागणी आली, की तीन आठवडे आधी समितीने ती शाळेच्या सभागृहातून उचलून गावच्या मोठ्या नाट्यगृहात नेली. तिथे नवाकोरा, भलामोठा, काळा चकचकीत पियानो. जुळवणारा बुडापेस्टचा.

शारोल्टा त्या बुडापेस्टच्या तरुणाला गाठायला गेली. "जरा उतरवाल का? आमच्या मुलांच्या गळ्याला बरं पडतं."

"किती?"

तिने सांगितलं. तो हसायचाच थांबेना. "बाई, उद्या याच्यासोबत वाद्यवृंद वाजणार आहे. पाव सूर उतरवून ठेवला तर माझी नोकरी जाईल, आणि तारा बसायला चार दिवस लागतील ते वेगळंच."

मग तिने मास्तरांना सुचवून पाहिलं, की यंदा काही तरी नवं म्हणून तिन्ही कडवी वाद्याविना घेऊ या. मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. "नव्वदाव्या वर्षी गाठ सोडायची? लोक मला तळ्यात बुडवतील, शारी. आणि बरोबरच करतील."

सरळ सांगायला तिच्याजवळ तीन आठवडे होते. रोज सकाळी ती ठरवून निघायची आणि रोज मास्तर दारात किल्ल्या वाजवत म्हणायचे, "ये, शारी. काल स्वप्नात मी गाठ ऐकली." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आता सांगायचं म्हणजे नुसतं कानाचं सांगायचं नव्हतं, दोन वर्षांच्या लबाडीचं सांगायचं होतं. स्तोत्र पांढरी दोनमधलं; घरी तिने तिसरं कडवं एक घर खाली, काळी एकमध्येही बसवून ठेवलं. मास्तरांनी पूर्ण अर्धा सूर खाली दिला तर निदान तिथे तरी भेटता येईल. बाकी काय करणार? प्रार्थना तर प्रत्येक घंटेला करतच होती.

मैफलीच्या दिवशी सकाळी नाट्यगृहात तालीम झाली. मास्तरांनी नव्या पियानोवर एक पट्टी दाबली आणि दात दुखल्यासारखा गाल धरला. "हा तर बेफाट चढा आहे."

"नवा आहे ना, मास्तर," शारोल्टा म्हणाली. याच्यापेक्षा बावळट उत्तर तिला सुचलं नाही.

"स्तोत्राची तालीम नको इथे. संध्याकाळपर्यंत उतरवून घे." असं म्हणून ते निघून गेले, आणि ती तिथेच स्टुलावर बसून राहिली.

झोम्बोर आला. मैफलीचा निळा कोट, पांढरी रुंद कॉलर, हातात मधाचा चहा. "मावशी, मी ऐकलंय. मास्तर आता बरोब्बर मधे देतात. ना पांढरी दोन, ना काळी एक. मधे."

"नक्की?"

"काल शाळेत ऐकलं. मधे तर तुमच्याकडे पट्टीच नाहीये."

नव्हतीच. माणसाने बनवलेल्या पेटीत त्या जागी नुसती फट असते.

"मी एक करू?" त्याने चहाचा पेला पियानोवर ठेवला. एरवी तिने ओरडा दिला असता. "पहिली ओळ माझीच आहे. मास्तरांनी गुणगुणलं, की मी त्यांचा सूर सोडून देतो आणि पांढरी दोन घेतो. खरीखुरी. बाकीचे माझ्याच मागून येतात. मग तुम्ही या तिसऱ्याला, आणि संपलं."

शारोल्टाने त्याच्या दातांकडे पाहिलं, कॉलरकडे पाहिलं. नाही म्हणायला हवं होतं. मास्तरांचा सूर सोडून दुसरा सूर घेणं म्हणजे या वृंदात चोरी केल्यासारखं. पण बुडत्याला काडी.

"जमेल तुला?"

"ताटली पडली तरी मला कळतं कुठली पट्टी ते," तो म्हणाला. "सोपं आहे."

संध्याकाळी सात वाजता नाट्यगृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडदा वर गेला, एकसष्ट निळे कोट दिसले आणि टाळ्यांचा असा पाऊस पडला की धाकटी मुलं दचकली. आधी जुनी लॅटिन स्तोत्रं झाली, थंड आणि स्वच्छ. मग चारशे वर्षांपूर्वीचं पाखरांच्या भांडणाचं गाणं, त्यात शेवटी कोंबडा जिंकतो. मध्यंतरानंतर कोट उतरले, बाह्या सरसावल्या आणि सगळा रंगच पालटला. धनगरांची गाणी झाली, टाचा आपटून. आज्या-आजोबांच्या तरुणपणच्या सिनेमातलं एक प्रेमगीत चुटक्या वाजवत झालं, त्यात मधे एका गुबगुबीत पोराने शीळ घातली आणि पुढच्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून रडल्या. शारोल्टाची बोटं सुटली होती. अशा संध्याकाळी माणसाला वाटतं, की आपण उगाच घाबरलो. मुलं पियानोबरोबर होती, पियानो खरा होता, सगळं जागच्या जागी होतं. फक्त मास्तर दोन गाण्यांच्या मधे घाम पुसताना तिच्याकडे वाकून कुजबुजले, "उतरवला नाहीस ना? डोकं उठलं माझं."

"नाही जमलं, मास्तर."

"असू दे. स्तोत्रात मी सांभाळतो."

शेवटी कोट पुन्हा चढले. मुलं ओळीत उभी राहिली. नाट्यगृहात ज्यांना खोकायचं होतं त्यांनी खोकून घेतलं आणि सगळे शांत झाले. मास्तरांनी डोळे मिटले आणि गुणगुणले.

मधे. सुईच्या टोकाएवढंही इकडे तिकडे नाही, बरोब्बर मधे.

झोम्बोरने श्वास घेतला आणि पांढरी दोन लावली. इतकी निर्मळ लावली की शारोल्टाला आपली पाठ सरळ झाल्याचं जाणवलं. पहिल्या दोन शब्दांपुरतं सगळं ठीक होतं. तिने एवढंसं हसूनही घेतलं.

मास्तरांनी डोळे उघडले. एकोणतीस वर्षांत त्यांनी मंचावर कोणत्याही मुलाला थांबवलं नव्हतं. आताही थांबवलं नाही. त्यांनी फक्त डावा हात छातीपाशी आणला आणि तळवा जरासा खाली दाबला. खाली ये. चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती, आणि तीच वाईट होती.

पोराची नजर एकदा मास्तरांच्या हातावर गेली, एकदा पियानोकडे. शारोल्टाला मान हलवता आली असती. नको उतरूस, एवढं तिला डोळ्यांनी सांगता आलं असतं. तिने काहीच केलं नाही. तिला कळेचना काय करावं, आणि गाणं काही कोणासाठी थांबत नाही.

झोम्बोर खाली आला. एका लांब स्वरावर, हळूच, जिन्यावरून झोपलेल्या बाळाला घेऊन उतरावं तसा. लोकांना वाटलं, पोराचा गळा भरून आला. दुसऱ्या ओळीवर साठ जण मिळाले ते त्या मधल्या सुरावर. मास्तरांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

आता शारोल्टाजवळ दोन कडवी होती. पाच मिनिटं. तिने हात पट्ट्यांवर ठेवले. पांढरी दोन धरली तर मुलं उतरलेली ठरतात आणि नव्वद वर्षांत पहिल्यांदा सगळ्या गावासमोर तडा जातो. काळी एक धरली तरी तसाच तडा, नुसता दुसऱ्या बाजूने. मुलं सुंदर गात होती. हे सगळ्यांत भयंकर होतं, की ती फार सुंदर गात होती, दगडी भिंतीसारखी एकसंध, केसभरही न घसरता. जरा घसरली असती तर काळी एक भेटली असती. आयुष्यात पहिल्यांदा शारोल्टाने देवाकडे मागितलं, की पोरांना बेसूर कर. देवाने ऐकलं नाही. मास्तरांनी शिकवलेली पोरं होती ती.

दुसरं कडवं संपत आलं. सभागृहाने श्वास धरला. मास्तरांनी उजवा हात तिच्याकडे वळवून उचलला, दर वेळी उचलत तसाच, पाहुण्याला आत बोलवावं तसा.

तिने हात पट्ट्यांवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

तिसरं कडवं नुसत्या गळ्यांवर झालं. मास्तरांचा हात क्षणभर हवेत राहिला, मग मुलांकडे वळला. शेवटचा स्वर विरला तेव्हा नाट्यगृहाला काय करावं ते समजेना. मग कोणी तरी टाळी वाजवली आणि सगळे उठून उभे राहिले. काहींना वाटलं, नव्वदाव्या वर्षाची ही नवी टूम. काहींना वाटलं, बाई विसरल्या. पण दाराकडे जाणाऱ्या गर्दीत एकही माणूस नेहमीचा प्रश्न विचारत नव्हता.

पडद्यामागे मास्तर दोन्ही हातांत फुलं घेऊन उभे होते. घामाने कॉलर मऊ पडलेली, गाल लाल. शारोल्टाला पाहताच त्यांनी फुलं टेबलावर टाकली आणि तिचे दोन्ही हात धरले. सत्तावीस वर्षांत त्यांनी असे हात कधी धरले नव्हते.

"शारी, बरं केलंस. दुसरी कोणी असती तर त्या चढ्या खोक्यावर वाजवून मोकळी झाली असती, आणि नव्वद वर्षांची अब्रू गेली असती. तू ऐकलंस आणि हात काढलास. याला कान म्हणतात."

ती काही बोलायच्या आत ते मागे वळले. कपड्यांच्या खुंट्यांपाशी झोम्बोर उभा होता. कोटाची बटणं अर्धी सोडलेली.

"तू इकडे ये," मास्तर म्हणाले. आवाज चढवला नाही. "सूर कुठून घेतलास?"

पोरगा पुढचं बटण सोडत राहिला.

"मी दिला तो घेतलास की पियानोचा घेतलास?"

"पियानोचा."

"संध्याकाळभर तो चढा ऐकला आणि कान त्याच्या मागे गेला. होतं असं. पण नियम तुला माहीत आहे. जो मास्तरांचा सूर घेत नाही तो पुढे उभा राहत नाही. उद्यापासून मागच्या रांगेत. पहिली ओळ आता दुसरा कोणी घेईल."

"कधीपर्यंत?" झोम्बोरने विचारलं.

"कान ताळ्यावर येईपर्यंत. शरदात बघू."

शरदात बघायला काही उरणार नव्हतं. तिघांनाही ते ठाऊक होतं. मास्तरांनाही, कारण त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ ठेवला.

"मास्तर," शारोल्टा म्हणाली. "पोरगा बरोबर होता."

ते हसले. "तुझा जीव फार मऊ, शारी. आपला शाळेचा पियानो माझ्याशी रोज जुळतो की नाही? तूच वाजवतेस ना? दोन वर्षांत एकदा तरी गाठ सुटली?"

"नाही."

"मग?"

आता एकच वाक्य उरलं होतं. तो पियानो मी उतरवून घेतला. तोंडात तयार होतं. समोर म्हातारा माणूस उभा होता, आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या संध्याकाळी, ओठांवर हसू, आणि बाहेर त्याच्या हाताला हात लावायला शेकडो लोक थांबलेले. आणि शेजारी एक पोरगा, जो तिच्याकडे बघत होता. ती त्या दोघांमध्ये उभी होती, आणि ते वाक्य जिभेवरून हलेना.

"मावशींचं ऐकू नका, मास्तर," झोम्बोर म्हणाला. "माझंच चुकलं. मीच चढा घेतला."

मास्तरांनी मान डोलावली. "कबूल करायलाही धैर्य लागतं. शहाणा आहेस." मग त्यांनी टेबलावरची फुलं पुन्हा उचलली, कॉलर सारखी केली आणि दार उघडून लोकांत गेले. टाळ्यांचा आवाज आत आला आणि दार लागल्यावर कमी झाला.

झोम्बोरने कोट खुंटीला अडकवला, कॉलरची घडी घालून खिशात ठेवली. त्याच्या हातांना घाई नव्हती. शारोल्टा त्याच्याजवळ गेली. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण तो हात आता कुठल्या तोंडाने ठेवायचा?

"असं का बोललास तू?" तिने विचारलं. "मी सांगणार होते."

पोराने तिच्याकडे पाहिलं. चिडून नाही. खरोखर जाणून घ्यायचं असावं तसं.

"सांगणार होतात?" तो म्हणाला.

शारोल्टाला हो म्हणता आलं नाही. बाहेर कोणी तरी मुलांना बससाठी हाका मारत होतं. झोम्बोर जोडे बदलायला खाली वाकला.